लोणचं कुठल्या बॅगेत?

मुलाकडे नाहीतर मुलीकडे पहिल्यांदा परदेशी निघालेली मंडळी मला जो पहिला प्रश्न विचारतात, तो व्हिसाचा नसतो आणि विम्याचाही नसतो. "अहो, लोणचं हातातल्या बॅगेत चालतं का हो?" हा तो प्रश्न. यंत्रं विकायच्या निमित्तानं पंचवीस वर्षं मी देशोदेशी हिंडलो. त्यामुळे सोसायटीत कुणाचं परदेशाचं तिकीट निघालं की आमच्याकडे चहाला येणं होतंच. पूर्वी मी त्यांना यादी करून देत असे. हे न्या, ते नेऊ नका. मग विमानतळावरून फोन यायचा, कारण बॅगेत नेमकी यादीत नसलेली वस्तू निघालेली असायची. शेवटी मी यादी देणं बंद केलं आणि नियम कशामुळे आला ते सांगायला लागलो. विमानप्रवासातले बहुतेक चमत्कारिक नियम कुठल्यातरी कटातून, आगीतून नाहीतर दंडातून आलेले आहेत. तेवढं कारण ठाऊक असलं की यादीत नसलेल्या वस्तूचा निकालही घरबसल्या लावता येतो.

तर लोणच्यापासूनच सुरुवात करू.

१. ओघळतं ते द्रव

२००६ च्या ऑगस्टमध्ये ब्रिटिश पोलिसांनी एक कट उधळला. लंडनहून अमेरिका-कॅनडाकडे जाणाऱ्या विमानांत शीतपेयांच्या बाटल्यांतून द्रव स्फोटकं न्यायची आणि विमानं हवेतच उडवायची, असा तो बेत होता. पुढचे काही दिवस तिथल्या प्रवाशांना पाकीट आणि पासपोर्ट यांपलीकडे हातात फारसं काही नेऊ देत नव्हते. ते निवळल्यावर जो नियम उरला, तो आजही चालू आहे. प्रत्येक बाटली जास्तीत जास्त १०० मिलिलिटरची असावी, आणि अशा सगळ्या बाटल्या मिळून एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत मावाव्यात.

यात लोक हमखास एक चूक करतात. मर्यादा बाटलीची आहे, आतल्या ऐवजाची नाही. २०० मिलिलिटरच्या बाटलीत तळाला चमचाभर खोबरेल उरलेलं असलं तरी ती बाटली टोपलीत जाते. तिथे वाद घालण्यात अर्थ नसतो.

आता द्रव कशाला म्हणायचं? शाळेतली व्याख्या इथे बाजूला ठेवा. साध्या एक्स-रे यंत्राला घनता दिसते, पदार्थाचं नाव दिसत नाही. तुपाची, श्रीखंडाची, शाम्पूची आणि नको त्या पदार्थाची सावली पडद्यावर जवळपास सारखीच पडते. म्हणून माझा घरगुती ठोकताळा असा: डबा तिरका केल्यावर जे ओघळतं किंवा चमच्यानं थापता येतं, ते सगळं द्रव. लोणचं, तूप, मोरांबा, काकवी, श्रीखंड, ओल्या नारळाची चटणी आणि टूथपेस्ट एकाच पंगतीला. लसणीची कोरडी चटणी, चकल्या, शंकरपाळे दुसऱ्या पंगतीला. काही विमानतळांवर नवी सीटी स्कॅन यंत्रं आली आहेत आणि तिथे हा नियम सैल झालाय. पण वाटेत विमान बदलताना पुन्हा तपासणी होते, आणि तिथलं यंत्र जुनं असलं की सैलपणा संपला.

पिठांचंही एक आहे. अमेरिकेला जाणाऱ्या विमानांसाठी २०१८ पासून पुडींवर नजर असते. हातातल्या बॅगेत ३५० मिलिलिटरहून जास्त, म्हणजे शीतपेयाच्या एका डब्याहून जास्त पूड असली, तर ती वेगळी तपासतात आणि समाधान झालं नाही तर मागे ठेवायला लावतात. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला सरळ मोठ्या बॅगेत घाला.

आपल्या स्वयंपाकघरातल्या दोन वस्तू मात्र कुठल्याही बॅगेत घालण्याआधी थांबा. पहिली सुकं खोबरं. धोकादायक मालाच्या आंतरराष्ट्रीय यादीत खोबऱ्याला स्वतःचा क्रमांक आहे, १३६३, आणि वर्ग आहे आपोआप तापून पेटू शकणाऱ्या पदार्थांचा. तेलकट खोबऱ्याचा ढीग दाबून ठेवला की हवेशी संयोग होऊन तो आतल्या आत तापत जातो. विमानाच्या पोटात तसं होऊ नये म्हणून खोबऱ्याच्या वाट्या अडवल्या जातात. चिवड्यात तळून पडलेले काप कुणी निवडत बसत नाही. दुसरी वस्तू खसखस. खसखस हे अफूच्या बोंडातलं बी, आणि संयुक्त अरब अमिरातीत त्याला बंदी आहे. आता अनारसे कशावर थापतात ते आठवा. दिवाळीला दुबईला निघाला असाल तर अनारसे घरीच खाऊन निघा.

शिवाय विमानतळावरची सुरक्षा वेगळी आणि उतरल्यावरचा कस्टम वेगळा, हे विसरू नये. पहिलीला बॉम्बची भीती असते, दुसऱ्याला किडीची. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड ही बेटं आहेत, बाहेरची एक फळमाशी त्यांच्या बागांची वाट लावू शकते. न्यूझीलंडमध्ये फॉर्मवर न लिहिलेलं एखादं सफरचंद सापडलं तर जागीच ४०० न्यूझीलंड डॉलरचा दंड होतो. खाण्याचं काय काय आहे ते फॉर्मवर लिहून टाकलं की फार तर वस्तू काढून घेतात, दंड होत नाही. संशय आला की लिहावं.

२. आपण बसतो कळसूबाईच्याही वर

लोणचं मोठ्या बॅगेत गेलं. उतरल्यावर बॅग उघडली, तर तेलानं माखलेल्या साड्या. झाकण तर पान्यानं आवळलं होतं म्हणतात! तेल बाहेर आलं कसं?

विमान ३५ ते ४० हजार फुटांवरून जातं. तिथे बाहेर उणे ५० अंशांच्या आसपास थंडी, आणि हवा इतकी विरळ की माणूस मिनिटभरात बेशुद्ध पडेल. म्हणून आत हवा भरून दाब वाढवतात. पण जमिनीवर असतो तेवढा पूर्ण दाब ठेवत नाहीत, कारण मग विमान फार फुगवलेल्या फुग्यासारखं होईल. त्याची कातडी जाड करावी लागेल, वजन वाढेल. तडजोड म्हणून ६ ते ८ हजार फुटांवर डोंगरात जितका दाब असतो, तितका आत ठेवतात. कळसूबाईची उंची १,६४६ मीटर, म्हणजे ५,४०० फूट. आसनाचा पट्टा लावून, पांघरूण घेऊन आपण बसलेले असतो ते महाराष्ट्रातल्या सर्वांत उंच शिखराच्याही वर.

आता गणित. ८ हजार फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे तीन चतुर्थांश उरतो. दाब पाऊण झाला की कोंडलेली हवा सव्वापटीहून जास्त, नेमकं सांगायचं तर एक-तृतीयांशानं फुगते. बरणीत वर १५० मिलिलिटर जागा रिकामी असेल, तर तिथली हवा २०० मिलिलिटर व्हायला बघते. जास्तीची ५० मिलिलिटर हवा झाकणाच्या फटीतून वाट काढते. बरणी आडवी पडलेली असली की त्या फटीशी हवा नसते, तेल असतं. सामानाच्या कप्प्यातही दाब केबिनइतकाच असतो, त्यामुळे तिथे वेगळं काही घडत नाही. उपाय सोपा आहे. बरणी गळ्यापर्यंत भरा म्हणजे फुगायला हवाच राहत नाही, झाकणाखाली प्लॅस्टिकचा तुकडा ताणून बसवा आणि वरून दोन पिशव्या. त्याहून उत्तम म्हणजे हवा काढून बंद केलेली पिशवी. आता कोपऱ्यावरचा मसालेवालाही ती करून देतो.

हेच गणित कानात आणि पोटात चालू असतं. कानाच्या पडद्यामागे हवेची एक खोली आहे आणि तिथून घशात उतरणारी एक बारीक नळी. विमान वर जाताना आतली हवा आपोआप बाहेर सुटते, फारसं कळतही नाही. उतरताना उलट हवा आत जायला हवी असते. पण ती नळी मऊ असते, बाहेरचा दाब वाढला की मिटून बसते. गिळलं किंवा जांभई दिली की उघडते. म्हणून तान्ह्या बाळाला उड्डाणापेक्षा उतरताना दूध पाजायचं राखून ठेवावं, आणि झोपलेल्या मोठ्या माणसालाही उतरण्याच्या अर्धा तास आधी हलवून उठवावं, कारण झोपेत आपण फार कमी गिळतो. खूप सर्दी झालेली असेल तर ती नळी आधीच सुजलेली असते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय निघू नका. एकदा मी ते केलं नाही आणि पुढचे नऊ दिवस डाव्या कानानं गिऱ्हाइकांच्या तक्रारी कमी ऐकल्या, एवढाच काय तो फायदा.

पोटाचं अधिक काही सांगत नाही. निघायच्या दिवशी छोले आणि वालाची उसळ टाळा. शेजारचा प्रवासी दुवा देईल.

केबिनमधली हवा बाहेरच्या गोठलेल्या, कोरड्या हवेतून घेतलेली असते. तिच्यात आर्द्रता दहा-वीस टक्केच असते. नाक सुकतं, वास कमी येतो, मीठ आणि साखर जिभेला कमी लागतात. विमानातलं जेवण मचूळ लागतं त्याचा अर्धा दोष स्वयंपाक्याचा नाही. हातातल्या बॅगेत कोरडी लसणीची चटणी असावी ती यासाठी.

आणि पाय. जागतिक आरोग्य संघटनेनं करवलेल्या अभ्यासात, चार तासांहून जास्त वेळ बसून प्रवास केला तर पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो असं दिसलं. मुळात तो धोका फार लहान असतो, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. पण दर तास-दीड तासानं उठावं, बसल्या बसल्या घोटे फिरवावेत आणि त्यासाठी वाटेच्या कडेची खुर्ची मागून घ्यावी. खिडकीतून समुद्रावरची काळोखी रात्रच दिसते.

३. पॉवर बँक खाली का नाही?

"चाकू, कात्री हातात नको, खाली टाका, असं म्हणतात. मग पॉवर बँक मात्र हातातच ठेवा असं का?" हा प्रश्न मला एका निवृत्त शिक्षकांनी विचारला होता. उत्तर आगीत आहे. लिथियमची बॅटरी आतून बिघडली की स्वतःच्या उष्णतेनं पेटते, आणि एक घटक पेटला की शेजारचा पेटतो. सामानाच्या कप्प्यात आग विझवणारा वायू असतो. तो ज्वाळा दाबतो, पण बॅटरीच्या पोटातली उष्णता थांबवू शकत नाही. केबिनमध्ये निदान धूर दिसतो आणि पाणी ओतायला माणूस असतो. २०२५ च्या जानेवारीत दक्षिण कोरियातल्या बुसानच्या विमानतळावर उड्डाणाआधीच एका विमानाच्या केबिनला आग लागली. प्रवासी सगळे वाचले, विमान गेलं, आणि तपासाचा संशय पॉवर बँकेवर गेला. त्यानंतर त्या देशानं पॉवर बँक डोक्यावरच्या कप्प्यात ठेवायलाही मनाई केली. ती अंगाजवळ, नजरेसमोर हवी.

मर्यादा १०० वॉट-तासांची आहे. पॉवर बँकेवर आकडा असतो मिलिअँपिअर-तासांचा, म्हणून लोक गोंधळतात. त्या आकड्याला हजारानं भागा आणि ३.७ व्होल्टनं गुणा. २०,००० ची असेल तर २० गुणिले ३.७, म्हणजे ७४. चालेल. ३०,००० ची असेल तर १११. तिला विमान कंपनीची परवानगी लागते, आणि १६० च्या पुढे तर प्रश्नच नाही. आकडा पुसला गेलेली पॉवर बँक घरी ठेवा, कारण तपासणाऱ्याला गणित करायला काहीच उरत नाही.

एक प्रसंग हमखास फसवतो. विमान भरलेलं असतं, दाराशी कर्मचारी म्हणतात, "बॅग इथेच द्या, खाली टाकतो." आपण खूश होतो, हात मोकळे झाले म्हणून. त्या बॅगेत पॉवर बँक असते, औषधं असतात, पासपोर्टही असतो. म्हणून या तीन वस्तू बॅगेतल्या एका छोट्या पिशवीत ठेवाव्यात. बॅग देताना पिशवी उचलली की झालं.

४. एक तिकीट आणि दोन तिकिटं

पैसे वाचवण्याच्या नादात सर्वांत जास्त पैसे जातात ते इथे.

समजा पुण्यात स्वारगेटला एसटी पकडून तुम्ही साताऱ्याला निघालात आणि तिथून कोल्हापूरची दुसरी गाडी धरायची आहे. पहिली गाडी घाटात अडकली तर दुसऱ्या गाडीचा कंडक्टर तुमच्यासाठी थांबेल? त्याला तुम्ही कोण ते ठाऊकही नाही. विमानाची दोन वेगळी तिकिटं काढणं म्हणजे हेच. मुंबई ते पॅरिस एका कंपनीचं, पॅरिस ते बोस्टन दुसऱ्या कंपनीचं. संकेतस्थळावर ही जोडी वीस-पंचवीस हजारांनी स्वस्त दिसते. पहिलं विमान तीन तास उशिरा पोहोचलं की दुसरी कंपनी तुम्हाला "आलाच नाहीत" असं लिहून मोकळी होते. त्यातही एक मेख आहे. एका तिकिटातला एक टप्पा चुकवला की त्याच तिकिटातले पुढचे सगळे टप्पे, परतीचा धरून, आपोआप रद्द होतात.

याउलट सगळा प्रवास एकाच तिकिटावर, एकाच पीएनआर क्रमांकाखाली असला तर पुढचं विमान चुकवलं ते कंपनीनं, तुम्ही नाही. पुढच्या विमानात बसवायची जबाबदारी तिची. बॅगही थेट शेवटच्या मुक्कामाला जाते.

पैशापेक्षा अवघड भानगड व्हिसाची. एका तिकिटावर पॅरिसला उतरून पुढचं विमान धरताना तुम्ही फ्रान्समध्ये शिरतच नाही. आतल्या आत, एका दारातून दुसऱ्या दारात जाता. दोन तिकिटं असली की बॅग घ्यायला बाहेर यावं लागतं, बाहेर येणं म्हणजे फ्रान्समध्ये प्रवेश करणं, आणि त्यासाठी शेंगेन व्हिसा हवा. अमेरिकेचा व्हिसा असला तरी तो इथे कामाचा नाही. मुंबईच्या काउंटरवरच तुम्हाला थांबवतील. काही देश तर आतल्या आत विमान बदलायलाही ट्रान्झिट व्हिसा मागतात, आणि कुणाला लागतो, कुणाला नाही, हे सारखं बदलत असतं. तिकिटाचे पैसे भरण्याआधी त्या देशाच्या दूतावासाच्या पानावर बघावं, एजंटाच्या शब्दावर जाऊ नये.

काउंटरवरची मुलगी आपला पासपोर्ट उलटून पालटून बघते, पडद्याकडे बघते, पुन्हा पासपोर्टाकडे बघते. लोकांना ते अपमानाचं वाटतं. तिच्या पडद्यावर टायमॅटिक नावाची यादी असते, कुठल्या देशाला कुठले कागद लागतात त्याची. चुकीच्या कागदांचा प्रवासी नेला तर त्याला परत आणण्याचा खर्च आणि वर दंड विमान कंपनीला बसतो. ती तुमच्यावर संशय घेत नसते, कंपनीचा दंड वाचवत असते. पासपोर्टची मुदत निदान सहा महिने उरलेली असावी हा आग्रहही बऱ्याच देशांचा असतो, आणि तोही तिथेच तपासला जातो.

आपल्या मराठी नावांचा घोळ याच काउंटरवर उघडा पडतो. आपण स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव असे तीन भाग लिहितो. पासपोर्टात पहिले दोन एका रकान्यात आणि आडनाव दुसऱ्या रकान्यात असतं. तिकिटात रकाने दोनच. लग्नानंतर आधार कार्डावर नवं आडनाव आणि पासपोर्टावर जुनं, अशी स्थिती असेल तर तिकीट पासपोर्टाप्रमाणेच काढा. भावना आणि आधार कार्ड दोन्ही बाजूला ठेवा.

अमेरिकेचा एक अपवाद मात्र एका तिकिटावरही लागू आहे. तिथे ज्या विमानतळावर पहिल्यांदा उतराल, तिथेच इमिग्रेशन होतं, बॅग स्वतः घ्यावी लागते आणि कस्टम ओलांडून पुन्हा पट्ट्यावर द्यावी लागते. पुढचं विमान दीड तासात असलं तर धावाधाव ठरलेली. आईवडिलांचं तिकीट काढताना तीन तास ठेवा. अबू धाबीवरून गेलात तर गोष्ट वेगळी. २०१४ पासून अमेरिकेचे अधिकारी तिथेच बसतात, सगळी तपासणी तिथेच होते, आणि अमेरिकेत तुम्ही गावातल्या गावात आल्यासारखे उतरता.

व्हीलचेअरबद्दलही सांगून टाकतो. धडधाकट आईवडिलांसाठी ती मागण्याची आपल्याकडे पद्धतच पडली आहे, कारण भाषा येत नाही आणि दार सापडत नाही. मला ती अडचण कळते. पण खऱ्या गुडघेदुखीवाल्या आजींना त्या रांगेत तासभर ताटकळताना मी पाहिलंय. बऱ्याच कंपन्या नुसता सोबतीला माणूस देतात, काही ठिकाणी पैसे घेऊन. आधी ते विचारा.

५. बॅगेच्या मुठीवरची तीन अक्षरं

काउंटरवर बॅग गेली की तिच्या मुठीला एक लांब पट्टी चिकटते. दहापैकी नऊ जण ती बघत नाहीत. तिच्यावर ठळक तीन अक्षरं असतात, शेवटच्या विमानतळाची. मुंबईची बीओएम, बॉम्बे या जुन्या नावावरून राहिलेली. वाचायला दोन सेकंद लागतात. कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेची अक्षरं एसजेसी, आणि कोस्टा रिकाची राजधानी सॅन होजे, तिची एसजेओ. एका अक्षरात बॅग दुसऱ्या देशात. इतकं लांबही जायला नको. गोव्यात दाबोळीची अक्षरं जीओआय आणि मोपाची जीओएक्स. २०२३ च्या जानेवारीत मोपा सुरू झाल्यापासून चुकीच्या टोकाला टॅक्सी घेऊन गेलेले लोक मला भेटलेत. आता नवी मुंबईचा विमानतळही सुरू झालाय, तेव्हा घरून निघण्याआधी तिकिटावरची अक्षरं वाचायची सवय आपल्यालाही लावून घ्यावी लागेल.

बॅग आलीच नाही तर? विमानतळ सोडायच्या आत तक्रारीचा कागद करून घ्या आणि त्यावरचा क्रमांक जपा. नंतर फोनवर रडण्याचा उपयोग नाही. आंतरराष्ट्रीय प्रवासाला मॉन्ट्रिअल करार लागू होतो. भारत त्यात २००९ साली सामील झाला. बॅग फुटलेली मिळाली तर सात दिवसांत, उशिरा मिळाली तर मिळाल्यापासून एकवीस दिवसांत लेखी तक्रार करायची. भरपाईची कमाल मर्यादा २०२४ च्या अखेरीपासून १,५१९ एसडीआर आहे. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं चलन, आणि ही रक्कम होते सुमारे दोन हजार अमेरिकी डॉलर. त्यात तुमचा मंगळसूत्राचा डबा बसत नाही, म्हणून दागिने त्या बॅगेत कधीही नकोत. भरलेल्या उघड्या बॅगेचा फोनवर एक फोटो काढून ठेवा. नऊवारी जांभळी होती की निळी, यावर काउंटरवर नवराबायकोचं भांडण होत नाही.

युरोपातून निघणाऱ्या विमानांचा आणखी एक नियम कामाचा आहे. युरोपीय संघातल्या विमानतळावरून सुटलेलं विमान, कुठल्याही कंपनीचं असो, तिच्या चुकीमुळे तीन तासांहून जास्त उशिरा पोहोचलं तर लांबच्या प्रवासाला ६०० युरोपर्यंत रोख भरपाई मागता येते. वादळ आलं तर नाही. मागितल्याशिवाय सहसा कुणी देत नाही.

६. रात्रीचे बारा चाळीस

शरीरात एक घड्याळ असतं आणि बहुतेकांचं ते चोवीस तासांपेक्षा किंचित सावकाश चालतं. म्हणून दिवस लांबला तर त्याला झेपतं, आखूड झाला तर त्रास होतो. पश्चिमेकडे जाताना दिवस लांबतो. ढोबळ हिशेब असा की पश्चिमेला जाताना शरीर रोज दीड तास जुळवून घेतं, पूर्वेला येताना रोज एक तास. उन्हाळ्यात लंडन आपल्या साडेचार तास मागे असतं. तिथे जाऊन तीन दिवसांत झोप रुळते, परत आल्यावर पाच दिवस लागतात. न्यूयॉर्क साडेनऊ तास मागे. जाताना सहा दिवस, येताना नऊ-दहा. परत आल्या आल्या सोमवारी कामावर रुजू होणाऱ्याला मी शहाणा म्हणत नाही. या घड्याळाची किल्ली म्हणजे सूर्यप्रकाश. लंडनला पोहोचल्यावर संध्याकाळी बागेत फिरा, परतल्यावर सकाळचं ऊन घ्या. मधुमेहाच्या गोळ्या आणि इन्शुलिन यांच्या वेळा मात्र निघण्याआधी डॉक्टरांकडून लिहून घ्या, स्वतः गणित करू नका.

आता विमानं मध्यरात्रीच का सुटतात? युरोपातल्या मोठ्या विमानतळांना शेजारच्या वस्तीची झोप सांभाळावी लागते. फ्रँकफर्टला रात्री अकरा ते पहाटे पाच विमानं उतरू देत नाहीत. मुंबईहून रात्री दोनला निघालेलं विमान नऊ तासांनी, म्हणजे आपल्या सकाळी अकराला तिथे पोहोचतं. हिवाळ्यात त्यांचं घड्याळ साडेचार तास मागे असतं, म्हणजे तिथे साडेसहा वाजलेले असतात. दार नुकतंच उघडलेलं असतं आणि पुढची सकाळची विमानंही मिळतात. सगळ्यांच्या सोयीचं आहे, आपल्या झोपेखेरीज.

या मध्यरात्रीच्या वेळेत एक खड्डा आहे. पंचवीस वर्षं प्रवास केलेला मी त्यात पडलो. तिकिटावर होतं ००.४०, तारीख १५. मी १५ तारखेला दिवसभर सामान भरलं, संध्याकाळी शेजाऱ्यांचा निरोप घेतला, जेवलो आणि ऐटीत विमानतळावर पोहोचलो. काउंटरवरच्या मुलानं पडद्याकडे पाहिलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "सर, हे कालचं ना?" परतीचंही रद्द झालं होतं, त्याचं कारण वर सांगितलंच आहे.

तेव्हा हे वाचून संपवण्याआधी आपलं तिकीट काढून सुटण्याची वेळ बघा. ती रात्री बारा ते तीनच्या मधली असेल, तर तारखेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी घर सोडायचं आहे. १५ तारखेच्या ००.४० च्या विमानासाठी १५ ला रात्री नऊला विमानतळावर पोहोचलात, तर ते सुटून वीस तास झालेले असतील.